पानाच्या पोटावरच्या दोन रेघा

शनिवार पेठेत धामणकरांचे काष्ठौषधींचे दुकान होते. म्हणजे आजही आहे. काष्ठौषधी म्हणजे मुळ्या, साली, बिया आणि वाळलेला पाला. दुकान इतके अरुंद की आत दोन गिऱ्हाइके आली तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यायचा. पण तिन्ही भिंतींना थेट छतापर्यंत लाकडी कप्पे, एकूण तीनशे बारा. एकाही कप्प्यावर नाव नाही. श्यामसुंदर धामणकरांचे म्हणणे असे, की ज्याला कप्पे पाठ नाहीत त्याने या धंद्यात येऊ नये आणि ज्याला पाठ आहेत त्याला नावे कशाला हवीत.

कप्प्यांवर नावे नसली तरी भिंतीवर पाट्या होत्या. "आयुर्वेद म्हणजे काय, हे येथे सांगितले जात नाही." "शेजारच्या दुकानाची चौकशी शेजारच्या दुकानात करावी." आणि त्यांच्या डोक्यामागे सर्वांत मोठी: "मालाचा वास घेऊ नये. आम्ही घेतलेला आहे." या शेवटच्या पाटीवर श्यामसुंदररावांचा फार जीव. दर दिवाळीला ती पुसायची ती त्यांनी स्वतः, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकेही मुकाट्याने ऐकत, कारण धामणकरांनी वास घेतला म्हणजे माल खरा, असे पेठेत सगळ्यांना वाटे. श्यामसुंदररावांना तर सगळ्यांपेक्षा जास्त वाटे.

दुकान वडिलांच्या वेळचे. वडिलांना पेठ रावसाहेब म्हणायची. ते कमी बोलत, आणि बोलले की समोरचा गप्प होई. या रावसाहेबांनी घरात एक रिवाज घालून दिला होता. दसऱ्याला सगळे गाव आपट्याची पाने वाटत फिरायचे, तेव्हा धामणकर बाप-लेक एसटीत बसून एखाद्या झाडाला भेटायला जायचे. एका दसऱ्याला भीमाशंकरचा हिरडा, एका दसऱ्याला कात्रजच्या घाटातला अडुळसा, एकदा पार कोकणात उतरून वावडिंग. झाडासमोर उभे राहायचे, हात जोडायचे, त्या दिवशी त्याचे पानही तोडायचे नाही आणि घरी परत यायचे. "ज्याचा पाला विकून आपण जेवतो, त्याचं तोंड तरी पाहिलेलं असावं," एवढेच रावसाहेब म्हणत.

मग रात्रीच्या जेवणाआधी लाल कापडी बांधणीची वही निघायची. एका पानावर एक वनस्पती. वर वाळलेला नमुना चिकटवलेला, खाली नाव, गुण, आणि तळाशी एक शब्द व तारीख: "पाहिले." नमुना रावसाहेब फक्त देठाशी डिंकाचा ठिपका देऊन चिकटवीत, बाकी पान मोकळे. डिंक वाचवायची सवय, दुसरे काय, असे श्यामसुंदररावांना वाटे.

रावसाहेब अठ्ठ्याहत्तर साली गेले. पुढची पंचवीस वर्षे श्यामसुंदररावांनी रिवाज पाळला, आणि दोन हजार तीन साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, वहीत तळाचा शब्द नसलेली फक्त सात पाने उरली. सातही हिमालयातली. त्यांतले पहिले तालीसपत्र.

आता तालीसपत्र म्हणजे काय ते पुण्यात खोकला झालेल्या कोणालाही ठाऊक असते, निदान चूर्ण ठाऊक असते. सुंठ, मिरी, पिंपळी, खडीसाखर यांच्याबरोबर ज्या सुईसारख्या पानांची पूड जाते, ते तालीसपत्र. हिमालयात आठ-दहा हजार फुटांवर, जिथे धुके हटत नाही आणि उन्हाळ्यातही अंगावर घोंगडी लागते, तिथल्या देवदारांहून उंच जागी राहणाऱ्या झाडाचे ते पान. दर हिवाळ्यात श्यामसुंदरराव पोतीच्या पोती विकत. आणि झाड मात्र पाहिलेले नाही. आधी दुकान बंद ठेववेना म्हणून जायचे राहिले, नंतर दम्याने धरले आणि डॉक्टरांनी सांगितले की सिंहगडाच्या वरची उंची तुम्हाला बंद. श्यामसुंदरराव डॉक्टरांना म्हणाले, "सिंहगड तरी कशाला ठेवलात? पर्वतीवर भागवलं असतं." पण घरी येऊन त्यांनी वही उघडली, तालीसपत्राचे पान बराच वेळ पाहिले आणि न जेवता झोपले. पत्नी मंदाकिनीबाईंनी हे कोणाला सांगितले नाही. फक्त मुलाला सांगितले.

मुलगा केयूर हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिथे तो काय करतो हे श्यामसुंदररावांनी चार वर्षांत अकरा वेळा विचारले होते. त्याने सांगितले होते की कंपनीचे मोठे कॉम्प्युटर एका खोलीत असतात आणि ते बंद पडू नयेत हे बघणे त्याचे काम.

"म्हणजे बंद पडले नाहीत तर तुला काम नाही."

"तसंच काहीतरी, बाबा."

"आणि त्यासाठी बस येते न्यायला."

दुकान तो चालवणार नाही, हे न बोलता दोघांनाही माहीत होते. श्यामसुंदररावांनी त्यावर एकदाही शब्द काढला नव्हता, पण कप्पे नीट लावताना ते अलीकडे जरा जोरात आपटू लागले होते.

त्या मे महिन्यात केयूर ऑफिसातल्या मित्रांबरोबर मनालीला ट्रेकला गेला आणि परत आला तो थर्माकोलचे खोके पोटाशी धरून. दिल्लीपर्यंत बस, तिथून झेलम एक्स्प्रेस, आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून बर्फ. बर्फासाठी भोपाळला त्याची गाडी सुटता सुटता राहिली होती. खोके स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून त्याने झाकण काढले. आत काळ्या पिशवीत हातभर उंचीचे रोप. सरळ दांडी, तिच्यातून आडव्या निघालेल्या चार-पाच फांद्या, त्यांवर गच्च हिरव्या सुया.

"रोपवाटिकेतून रीतसर घेतलंय. तिकडे तोष म्हणतात," केयूर म्हणाला. "तालीसपत्र आहे, बाबा."

श्यामसुंदररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढंसं?" ते म्हणाले. मग त्यांनी त्या ओट्यापुढे, कुकरच्या आणि मिसळणाच्या डब्याच्या साक्षीने, दोन्ही हात जोडले. बराच वेळ खाली घेतलेच नाहीत. मंदाकिनीबाई डोळ्यांना पदर लावून गॅस बंद करायला गेल्या. गॅस आधीच बंद होता.

वहीत मात्र त्यांनी लगेच लिहिले नाही. प्रवासाने थकलेल्या पाहुण्याला पाहणे म्हणजे भेट नव्हे, त्याने आधी अंग धरू दे, मग लिहू, असे त्यांचे मत पडले.

पण पुण्यातला मे महिना तो. रोपाला आधी माठाशेजारी ठेवले, मग मोरीत, मग ओल्या पंचात गुंडाळून देवघराच्या थंड फरशीवर. मंदाकिनीबाईंनी त्याला टेबलफॅन दिला आणि स्वतः हाताने वारा घेत बसल्या. पाचव्या दिवशी सुया गळायला लागल्या. श्यामसुंदरराव दर तासाला दुकानातून वर येऊन बघून जात. सहाव्या दिवशी गिऱ्हाइकाला त्यांनी ज्येष्ठमधाऐवजी चक्क वेखंड दिले, आणि गिऱ्हाइकाने वास घेऊन चूक दाखवली.

सातव्या सकाळी केयूर म्हणाला, "पुण्यात बाराही महिने, चोवीस तास अठरा डिग्री असणारी एक जागा मला माहितीये."

अशा रीतीने हिमालयातले झाड हिंजवडीच्या सर्व्हर रूममध्ये राहायला गेले.

कंपनीच्या फाटकावर नागोराव पहारेकरी होता. हा वाशीमकडचा, आणि रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय मुंगीलाही आत सोडायचा नाही. त्याने रोपाकडे पाहिले, रजिस्टराकडे पाहिले आणि विचारले, "हे माणसात लिहू का सामानात?" शेवटी सामानाचा गेटपास फाडला: "झाड एक, कुंडीसह. रिटर्नेबल." आत आलेली वस्तू बाहेर परत जायची असेल तर कंपनीत तसे लिहावे लागे. वर पाहुण्यांना देतात तो 'व्हिजिटर'चा बिल्लाही त्याने फांदीला अडकवला. नियम म्हणजे नियम.

केयूरच्या वरच्या मॅनेजरबाईंना दोन दिवसांत पत्ता लागलाच. त्यांनी बिल्ला वाचला, हसू दाबले आणि जूनअखेरची मुदत दिली. पाणी मात्र खोलीत घालायचे नाही. मग नागोराव रोज सकाळी कुंडी उचलून पॅन्ट्रीतल्या बेसिनखाली नेऊ लागला, झाडाला आंघोळ घालून निथळवून परत ठेवू लागला.

गुरुवारी दुकान बंद. श्यामसुंदरराव दोन बस बदलून हिंजवडीला पोचले. सर्व्हर रूममध्ये बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता. ते फाटकावरून परत फिरणार, इतक्यात नागोरावाने त्यांना केबिनमध्ये खुर्ची दिली आणि समोरच्या टीव्हीच्या एका कोपऱ्याकडे बोट केले. कॅमेऱ्याचे काळे-पांढरे चित्र. कपाटाएवढ्या यंत्रांच्या दोन रांगा, लुकलुकणारे दिवे, आणि मध्ये तालीसपत्र.

श्यामसुंदरराव पाऊण तास बघत बसले.

"काका, ते हालत नाई," नागोराव शेवटी म्हणाला.

"माहितीये हो. आम्ही पुण्याचे लोक क्रिकेटही असंच बघतो."

निघताना नागोरावाने त्यांच्या हातावर कागदाची पुडी ठेवली. "आठ दिवसांत गळलेले पान हायेत. फेकाले जीव नाई झाला. तुमच्या धंद्यातलं हाये म्हणून ठेवलं. पण आता गळणं कमी झालं बरं का."

आणि या पुडीने घात केला.

शुक्रवारी सकाळी श्यामसुंदररावांनी ती तालीसपत्राच्या कप्प्यात ओतायला उघडली. आपल्याच झाडाची पाने आपल्याच कप्प्यात पडणार, या कल्पनेने ते शीळ घालत होते. कप्पा ओढला, पुडी उपडी केली, आणि शीळ थांबली. कप्प्यातल्या पाल्यावर नागोरावाची पाने वेगळी उठून दिसत होती. ताजी म्हणून असेल, असे म्हणून त्यांनी दोन्हीकडचे एकेक पान उचलले आणि भिंग घेतले. झाडाच्या पानाचे टोक बोथट, मधोमध बारीक खाच. कप्प्यातल्या पानाचे टोक अणकुचीदार. त्यांनी पाने उलटली. झाडाच्या पानाच्या पोटावर, लांबीला धरून, खडूने ओढाव्यात तशा दोन पांढऱ्या रेघा. कप्प्यातल्या पानाचे पोट नुसते फिके, रेघ नाही. त्यांनी दुसरे उचलले. दहावे उचलले. मूठभर काउंटरवर पसरून एकेक उलटले. एकाही पोटावर रेघ नव्हती.

पहिला संशय अर्थातच झाडावर. "मनालीच्या त्या माणसानं आपल्या पोराला फसवलं," ते वर जाऊन म्हणाले, आणि म्हणताना त्यांना बरे वाटले. वही काढली. रावसाहेबांची बोटभर डहाळी पानावर होती, पण पन्नास वर्षांची. टोके झडलेली, वरून सगळी तपकिरी. उलटायला जावे तर भुगा होईल. वडिलांच्या नमुन्याला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही.

मग ते दोन पुड्या घेऊन सुहासिनीबाईंकडे गेले. या दोन आळ्या पलीकडे राहायच्या. कॉलेजात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि पेठेत श्यामसुंदररावांना बोलण्यात हरवणाऱ्या एकट्याच. त्यांनी दोन्ही पाने दिव्याखाली धरली.

"या खाचवाल्याला माझा नमस्कार. हे खरं तालीसपत्र. यांचं मोठं कुटुंब आहे, थंड ओल्या डोंगरांवर सगळीकडे यांचे भाऊबंद. कोणाच्या रेघा ठळक, कोणाच्या पुसट, पण पोटावर दोन असायच्याच. आणि हे दुसरं थुनेर. राहतं त्याच जंगलात, पण घराणं वेगळं. हे विषारी असतं, पोटात घ्यायचं नाही. कुठे मिळालं?"

श्यामसुंदरराव पुडी पुन्हा बांधू लागले.

"म्हणजे दुकानात," सुहासिनीबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकं हयात आहेत ना?"

"आहेत. चूर्णात चिमूटभरच असतं."

"सुदैव तुमचं. आणि त्यांचं जास्त. कधीपासून?"

हा प्रश्न घेऊन ते घरी आले आणि उत्तर त्यांना पायऱ्या चढतानाच सापडले. ब्याण्णव साल. देशात सगळे नवे येऊ लागले होते आणि श्यामसुंदररावांनी सगळ्याची टिंगल केली होती. बाटलीतले पाणी, केबलचा टीव्ही, काही सोडले नव्हते. त्याच वर्षी एक नवा व्यापारी आला. जुने गोणपाट गेले आणि चकचकीत प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, वर हिरव्या अक्षरांत छापलेले: 'एक्स्पोर्ट क्वालिटी'. माल स्वच्छ, काडीकचरा नाही. श्यामसुंदररावांनी पिशवी फोडून दीर्घ वास घेतला होता, आणि वास दोन्हींचा रानातल्यासारखाच. ज्या माणसाने जगात कोणत्याही छापील कागदावर विश्वास ठेवला नाही, तो नेमका त्या दोन शब्दांना भुलला होता. अकरा वर्षे.

त्या दिवशी दुकान उघडलेच नाही. गेल्या कित्येक वर्षांत असे झाले नव्हते; दोन जण तर चौकशीला वर आले, धामणकर बरे आहेत ना म्हणून.

"पोती नदीत टाकून द्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "कोणाला काही झालेलं नाही. कोणाला काही कळलेलं नाही. अहो, उद्यापासून खरं आणा. तुमची पाटी काढायची वेळ कशाला आणता स्वतःवर?"

त्यांचे म्हणणे चुकीचे वाटावे असे नव्हते. पाटी गेली की दुकानात उरणार काय? तीनशे बारा कप्पे कोणाकडेही असतात. लोक येत ते धामणकरांच्या नाकावर. आणि तुळजाबाई? मंडईत पालेभाजी विकणारी तुळजाबाई वीस वर्षे दर हिवाळ्याला खोकल्यासाठी तालीसपत्र नेत होती. तिच्या कानावर गेले म्हणजे गाजराच्या गाळ्यापासून फुलबाजारापर्यंत सगळ्यांच्या कानावर गेले. नुसत्या विचाराने श्यामसुंदररावांना धाप लागली.

संध्याकाळी केयूर आला. आईने त्याला दारातच सगळे सांगितले. तो बूट न काढता वडिलांसमोर बसला.

"बाबा, आमच्याकडे रोज चुका सापडतात."

"अभिनंदन."

"ऐका ना. आम्ही बनवून दिलेल्या प्रोग्राममध्ये चूक सापडली की आम्ही स्वतः क्लायंटला कळवतो, त्याला सापडायच्या आधी. चूक काय, कधीपासून आहे, आणि दुरुस्त होईपर्यंत त्यानं काय वापरायचं. ही तीन वाक्यं. सॉरी वगैरे नंतर. ज्यांनी लपवली त्यांचं काम पुन्हा कोणी घेत नाही."

"याला काय म्हणतात तुमच्यात?"

"बग."

"आमच्यात याला नालायकपणा म्हणतात," श्यामसुंदरराव म्हणाले. पण ते मुलाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत होते. चार वर्षांत अकरा वेळा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पहिल्यांदा पटले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ती तीन वाक्यं परत सांग. सावकाश."

शनिवारी सकाळी दुकान उघडले तेव्हा वासाची पाटी भिंतीवर नव्हती. तिच्या जागी नवी होती:

"तालीसपत्र म्हणून येथे विकलेला पाला तालीसपत्र नाही. सन १९९२ पासून. कोणीही पोटात घेऊ नये. घरात असेल तो परत आणावा. खरा माल येईपर्यंत अडुळसा न्यावा. चूक आमची आहे, त्यामुळे वाद घालण्यासारखे काही नाही."

दहा वाजेपर्यंत पाटीपुढे गर्दी जमली. लोक वाचत, आत डोकावत आणि पुढे जात. श्यामसुंदरराव काउंटरवर ताठ बसले होते. अपमान सोसायचा तर पाठ सरळ ठेवून सोसायचा, असे त्यांनी ठरवले होते. एकाने विचारलेच, "काय धामणकर, वास घेतला नव्हता का?" ते म्हणाले, "घेतला होता. डोळे मिटून." तो माणूस पुन्हा पाटी वाचू लागला.

साडेअकराला तुळजाबाई आली. हातात फडक्यात बांधलेले गाठोडे, कपाळावर घाम. तिला वाचता येत नव्हते. पाटी तिला कोणीतरी मंडईतच पाठ म्हणून दाखवली होती. तिने गाठोडे काउंटरवर आपटले.

"आवं धामणकर, ह्ये खरं हाय काय?"

"खरं आहे, तुळजाबाई."

"मंग माझा खोकला कशानं बरा व्हायचा एवढी वर्सं?"

"सुंठीनं. मिरीनं. खडीसाखरेनं. तू हटवादी आहेस, त्यानंही असेल."

तुळजाबाईने गाठोडे सोडले, एक सुई उचलून उलटसुलट केली. "वळखायचं कसं?"

श्यामसुंदररावांनी नागोरावाच्या पुडीतले एक पान तिच्या तळव्यावर ठेवले आणि उलटून दाखवले. तिने दोन रेघा पाहिल्या. मग त्यांच्याकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होते.

"आणि तुमी पान उलटून बघितलं न्हाई? म्या मेथीची जुडी घेताना बी उलटून बघते. माठ, पालक, चुका, समदं. कीड पोटालाच बसती. माझ्याकडं भाजी न्यायला येती ती शाळंतली पोरगी बी पान उलटवती. आन् तुमी नुसता वास घिऊन सोडून दिलं व्हय?"

"दिलं."

"आवं, मला इचारायचं!"

आणि ती हसली. अशी हसली की पाटीपुढची माणसेही हसू लागली, आणि कुठल्यातरी क्षणी श्यामसुंदररावही हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. तुळजाबाईनेच मग वरच्या मजल्याकडे बघून, मंदाकिनीबाईंना ओरडून, त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितले. जाताना तिने अडुळसा घेतला. प्रत्येक पान उलटून, दिव्यासमोर धरून, चाळीस मिनिटे. श्यामसुंदररावांनी एकदाही घाई केली नाही.

तिच्या मागोमाग मंडई आली. कोणी गाठोडे परत द्यायला, कोणी नुसते बघायला. पुढच्या पंधरा दिवसांत धामणकरांच्या दुकानात पाने उलटण्याची साथच पसरली. एकाने तर खडीसाखरही उलटून पाहिली. काही गिऱ्हाइके कायमची गेली. ज्यांना जायचे कारण होते त्यांना श्यामसुंदररावांनी दोष दिला नाही. बाकीची राहिली, आणि पूर्वी जी मुकाट नेत ती आता प्रश्न विचारू लागली. उत्तर देणे हा श्यामसुंदररावांना आधी जाच वाटला, मग सवय झाली.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी ते हिंजवडीला गेले तेव्हा नागोराव फाटकाबाहेरच उभा होता. "काका, चाला लवकर, टीव्हीत दिसत नाई ते." त्याने कुंडी आंघोळीच्या निमित्ताने बाहेर आणून ठेवली होती. शेंड्याला तपकिरी कळी फुटून आतून बोटाच्या पेराएवढा पोपटी झुपका निघाला होता. श्यामसुंदररावांनी तो गालाला लावला. मऊ होता, आणि पुण्यात न सापडणारा गारवा त्याला होता. मग त्यांनी अगदी हलक्या हाताने एक कोवळे पान उलटले. दोन रेघा, इवल्याशा.

मुदत संपत आली होती. झाडाला आणखी कोंडून ठेवायचा हट्ट श्यामसुंदररावांनी धरला नाही. "आपल्याला पाहायचं होतं, पाहिलं. आता त्याला त्याच्या घरी जाऊ दे." केयूरचा एक मित्र दुसऱ्याच दिवशी मनालीला निघाला होता. नागोरावाने बिल्ला काढून घेतला, गेटपास शोधला आणि 'रिटर्नेबल' या शब्दापुढे सही केली. कुंडीला घासून मोडलेली बोटभर डहाळी त्याने श्यामसुंदररावांना दिली.

त्या संध्याकाळी लाल वही निघाली. श्यामसुंदररावांनी तालीसपत्राच्या पानावर तळाशी लिहिले: "पाहिले." तारीख घातली. जुनी डहाळी काढून तिथे नवी लावायची होती. त्यांनी सुरीचे पाते रावसाहेबांच्या डहाळीखाली हळूच सारले. भुगा होईल असे वाटले होते, पण ती देठाशीच चिकटलेली असल्याने दारासारखी अलगद वर आली. पोटावर दोन रेघा होत्या, पुसट पण होत्या. आणि डहाळी जिथे टेकलेली असायची त्या जागी, मुंगीएवढ्या अक्षरांत, वडिलांचा हात:

"झाड पाहिलेले नाही. सबब दर खेपेस पान उलटून पाहणे. पाहिलेस, बरे केलेस."

श्यामसुंदररावांनी बाकीची सहा न पाहिलेली पाने उघडली. प्रत्येक नमुन्याखाली एक ओळ होती. रावसाहेबांनी स्वतः पाहिलेल्या झाडांखाली काहीच नव्हते, कोरा कागद. पंचवीस वर्षे ही वही ते दर दसऱ्याला उघडत होते, आणि रावसाहेब दर वेळी तिथेच होते. डिंक वाचवायला म्हणे! श्यामसुंदररावांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही फुटले. मंदाकिनीबाई काय झाले म्हणून बघायला आल्या तर त्यांनी नुसती वही पुढे केली.

"सासऱ्यांनी गाठलंच तुम्हाला," वाचून त्या म्हणाल्या.

श्यामसुंदररावांनी बारीक निबेचे पेन घेतले. वडिलांच्या ओळीखाली, तितक्याच बारीक अक्षरांत लिहिले: "अकरा वर्षे उलटून पाहिले नाही. आता तू पाहिलेस, बरे केलेस." त्यावर नवी हिरवी डहाळी ठेवली आणि फक्त देठाशी डिंकाचा ठिपका दिला.

वाळल्यावर वही मिटली. ती नेहमी देवघरावरच्या फळीवर असायची. श्यामसुंदरराव ती घेऊन आतल्या खोलीत गेले आणि केयूरच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवून आले.